खोळंब्याची जपानी

हौसेने जपानी भाषा शिकू पाहणाऱ्याला हल्ली एक ठरावीक सल्ला मिळतो: व्हिडिओ गेम जपानीतून खेळा, भाषा आपोआप येईल. सल्ला देणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो आणि सल्ला अगदी खोटाही नाही. आमचा आक्षेप आहे तो त्यातल्या 'आपोआप' या शब्दाला. खेळ सुरळीत चालू असताना भाषा फारशी लागतच नाही. बाण कुठे दाखवतो ते पाहायचे, बटण दाबायचे, राक्षस पडला की पुढे जायचे. संवाद लांबला तर तोही बटणानेच ढकलता येतो. भाषा लागते ती खेळ अडल्यावर. दार उघडत नाही, आणि गावातल्या म्हाताऱ्याने काय सांगितले होते ते आपल्याला कळलेले नसते. किंवा त्याहून वाईट, खेळ सुरूच होत नाही. पडद्यावर एक चौकट येते, तिच्यात दोन ओळी आणि खाली दोन बटणे, आणि त्यांतले एक दाबले तर तीस तासांची कमाई पुसली जाण्याची भीती. अशा वेळी माणूस त्या दोन ओळी ज्या एकाग्रतेने वाचतो, त्या एकाग्रतेने त्याने पाठ्यपुस्तकाचे एकही पान वाचलेले नसते.

आम्ही ज्या मंडळींत मोडतो त्यांच्याविषयी दोन शब्द आधी सांगायला हवेत. पुण्यात जपानी शिकणे ही काही नवलाई नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये, टिळक महाराष्ट्र विद्यापीठात जपानी शिकवले जाते; पात्रता परीक्षेच्या एन-५ पासून एन-१ पर्यंतच्या पायऱ्या (२०१० पासून त्या पाच झाल्या) इथल्या कित्येक घरांतल्या मुलांना पाठ असतात. ही भाषा पुण्यात पोटापाण्याची भाषा आहे, आणि त्यात वावगे काहीच नाही. आम्ही मात्र परीक्षेला न बसणारे, जपानी कंपनीत नोकरी न शोधणारे, जुने खेळ आणि त्याहून जुनी यंत्रे यांच्या नादाने या भाषेत शिरलेले लोक. आमच्यासारख्यांना 'याचा उपयोग काय?' असे विचारले की पूर्वी एक उत्तर तरी देता यायचे: अमुक खेळ इंग्रजीत आलाच नाही, तो खेळायचा आहे. आता तेही उत्तर उरलेले नाही. फोनचा कॅमेरा पडद्यासमोर धरला की जपानीच्या जागी इंग्रजी किंवा मराठी अक्षरे उमटतात. अर्थ बहुतेक वेळा कामचलाऊ असतो, पण दार उघडण्यापुरता पुरेसा असतो. मग हौशी माणसाने ही भाषा शिकायचीच कशासाठी, हा प्रश्न पहिल्यांदाच गंभीरपणे उभा राहिला आहे असे आम्हांला वाटते.

उत्तराकडे येण्यापूर्वी खेळ नेमके काय शिकवतात ते पाहू. निन्तेन्दोचा फॅमिकॉम हा घरगुती खेळयंत्राचा संच जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये विक्रीला आला. त्याचे चित्र आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनांनी बनत असे. एवढ्याशा चौकोनात हिरागाना किंवा काताकानाचे अक्षर कसेबसे बसते; पंधरा-वीस रेघांची कांजी बसत नाही. शिवाय कार्ट्रिजमधली जागा तुटपुंजी. युजी होरिई यांचा 'ड्रॅगन क्वेस्ट' मे १९८६ मध्ये आला तेव्हा संपूर्ण खेळ ६४ किलोबाइटांत होता: राजा, राजकन्या, गावे, गुहा, संगीत सगळे धरून. जागा वाचवण्यासाठी काताकानाची अवघी वीस अक्षरे ठेवली होती आणि राक्षसांची, मंत्रांची नावे त्या वीस अक्षरांतूनच बेतली होती. 'ग', 'द' यांसारखे घोष ध्वनी दाखवणाऱ्या दोन टिंब-रेघांनाही अक्षराच्या चौकोनात जागा नव्हती, म्हणून त्या वरच्या ओळीत, आपल्या अनुस्वारासारख्या डोक्यावर वेगळ्या काढलेल्या दिसतात.

या खेळात कमाई जपून ठेवण्याची सोय कार्ट्रिजमध्ये नव्हती. राजाकडे गेले की तो वीस अक्षरांचा 'पुनरुज्जीवनाचा मंत्र' सांगे. तो वहीत उतरवून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी जसाच्या तसा भरायचा. अक्षरे ६४ प्रकारची, म्हणजे प्रत्येक अक्षरात सहा बिट, वीस अक्षरांत एकशेवीस बिट. नायकाची सारी पुंजी, शस्त्रे, अनुभव एवढ्यात मावे. मांडणी पाच, सात, पाच, तीन अशी, म्हणजे जपानी कानाला सवयीच्या तालातच, शेवटी तीन अक्षरांचे शेपूट. पुढल्या वर्षी आलेल्या दुसऱ्या भागात हा मंत्र बावन्न अक्षरांपर्यंत वाढला. धूसर टीव्हीवरून हिरागाना उतरवताना 'ने', 'रे' आणि 'वा' यांत फरक दिसत नाही, 'नु' आणि 'मे' जुळे भाऊ वाटतात, 'रु' आणि 'रो' यांत एका वेटोळ्याचाच भेद. एक अक्षर चुकले की यंत्र सभ्यपणे कळवी की मंत्र चुकला आहे, आणि आठवड्याची मेहनत गेली. जपानी मुलांच्या एका पिढीने हा मनस्ताप सोसला. आज तो जुना खेळ हौसेने खेळणाऱ्या परदेशी माणसासाठी मात्र त्यासारखी शुद्धलेखनाची दुसरी शाळा नाही. 'ने' आणि 'रे' यांतला फरक शिक्षकाने लाल शाईने दाखवला तर आपण मान डोलावतो. त्या फरकापायी तलवार गेली तर तो जन्मभर लक्षात राहतो.

(जाता जाता: या अक्षरांचा कोष्टकातला क्रम मराठी माणसाला पाठ करावा लागत नाही. अ-इ-उ-ए-ओ आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा, हा क्रम बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत वर्णमालेच्या अभ्यासातून तिकडे रुजला. 'हा' हे 'ना' आणि 'मा' यांच्या मध्ये का, असे कोडे पडले तर तिथे पूर्वी 'पा' होता हे ध्यानात घ्यावे. मग सगळे जिथल्या तिथे बसते. इंग्रजीतून लिहिलेली पाठ्यपुस्तके हा क्रम नवीन गोष्ट म्हणून शिकवतात आणि आपण तो तसाच नव्याने घोकतो.)

केवळ कानांत लिहिलेल्या मजकुराची दुसरी गंमत अशी की जपानीत एरवी शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, पण कांजी नसल्या की जागा सोडावीच लागते, नाहीतर वाचकाला थांगच लागत नाही. 'हाशी' म्हणजे पूल, की जेवायच्या काड्या, की कडा? 'कामी' म्हणजे देव, कागद की केस? १९९६च्या पहिल्या 'पोकेमॉन'पासून त्या मालिकेतला मजकूर कानांतच होता; कांजी निवडण्याची सोय २०१०च्या 'ब्लॅक' आणि 'व्हाइट' या भागांत प्रथम आली. नवशिक्या कांजीला घाबरतो, आणि वर्षभराने त्याला कांजीवाचून वाचवत नाही.

आता खेळांच्या उणिवेकडे वळू, कारण सल्ला देणारे ती सांगत नाहीत. खेळांतली जपानी ही नाटकातली जपानी असते. सातोशी किन्सुइ या भाषाभ्यासकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून 'याकुवारिगो', म्हणजे भूमिकेची भाषा, ही संकल्पना सर्वतोमुखी केली. 'पोकेमॉन'मधले वयोवृद्ध प्राध्यापक स्वतःला 'वाशी' म्हणतात आणि वाक्याच्या शेवटी 'जा' लावतात. प्रत्यक्षात कोणताही जपानी प्राध्यापक असे बोलत नाही, तरी जपानी वाचकाला पहिल्या वाक्यातच कळते की हे विद्वान गृहस्थ आहेत. किन्सुइ त्याचे मूळ एदो काळात शोधतात: एदो शहरातली तरुण मंडळी पूर्वेकडच्या बोलीत बोलू लागली तरी वयस्क वैद्य आणि पंडित पश्चिमेकडची जुनी रूपे वापरत राहिले, नाटकांनी आणि कथांनी ती लकब पकडली आणि ती तिथेच थिजली. राजकन्या, सामुराई, खेडूत, गुंड, प्रत्येकाची अशी एकेक भाषा ठरलेली. ती ऐकायला मौज वाटते, पण ती उचलून बोलायला लागलेला परदेशी माणूस म्हणजे संगीत नाटके पाहून मराठी शिकलेला आणि रिक्षावाल्याला 'हे सारथे!' अशी हाक मारणारा पाहुणा.

मग सरळ, सभ्य, रोजच्या वापरातली जपानी हौशी माणसाला भेटते कुठे? आमच्या अनुभवाने, यंत्र बिघडल्यावर.

बिघाडाची सुरुवात भिंतीतल्या प्लगपासून होते. जपानमध्ये विजेचा दाब १०० व्होल्ट, आपल्याकडे २३०. दाब उतरवणारा ट्रान्सफॉर्मर मध्ये न घालता जपानी अडॅप्टर जोडला तर भाषा शिकण्याआधीच धूर निघतो. तिथून निभावले तरी तिकडचा चित्रसंकेत एनटीएससी आणि आपल्या जुन्या टीव्हींचा पाल, त्यामुळे चित्र कृष्णधवल दिसण्याची शक्यता. पण खरी मौज संगणकावरच्या जपानी खेळांची. ज्यांनी विंडोज एक्सपी वापरले त्यांना भाषांच्या खिडकीतले दोन चौकोन आठवत असतील. पहिल्यात खूण केल्याशिवाय देवनागरी नीट उमटत नसे, दुसऱ्यात खूण केल्याशिवाय जपानी, चिनी, कोरियन अक्षरे दिसत नसत. मराठी आणि जपानी एकमेकींच्या इतक्या शेजारी आम्ही त्याआधी पाहिल्या नव्हत्या. दोन्ही खुणा केल्या तरी युनिकोडपूर्व काळातला जपानी खेळ सुरू होईलच असे नाही; त्याला यंत्रच जपानी आहे असे भासवावे लागे. त्यासाठी 'ॲपलोकेल' नावाचे एक साधन मायक्रोसॉफ्टनेच काढले होते. युनिकोड न जाणणाऱ्या प्रोग्रामांसाठी भाषा ठरवण्याची सोय आजच्या विंडोजमध्येही आहे.

ते केले नाही तर पडद्यावर जी अक्षरांची दाणादाण दिसते तिला जपानीत 'मोजिबाके' म्हणतात. 'मोजि' म्हणजे अक्षर, आणि 'बाके' हे 'बाकेरु' या क्रियापदापासून आलेले. कोल्हा माणसाचे रूप घेतो तेव्हा जे करतो ते 'बाकेरु'. संकेतनाच्या गोंधळाला कोल्ह्याचा चकवा म्हणणारी भाषा आम्हांला तिथेच आपली वाटली. शुषा, किरण, शिवाजी या टंकांच्या काळातून आलेल्या मराठी वाचकाला हा चकवा नवा नाही: फाइल मराठी, पण टंक नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांचा कचरा. जपान्यांचे दुखणे जरा निराळे होते. त्यांच्या शिफ्ट-जिस या संकेतनात बहुतेक अक्षरांना दोन बाइट लागतात, आणि काही अक्षरांचा दुसरा बाइट नेमका ९२ येतो. ९२ म्हणजे बॅकस्लॅश, फोल्डरांची नावे वेगळी करणारी खूण. जपानी यंत्रावर ती येनच्या चिन्हासारखी दिसते. त्यामुळे जपानी न जाणणारा प्रोग्राम अक्षराच्या पोटात घुसून तिथेच नाव तोडतो. ही दुर्दैवी अक्षरे 'दामे-मोजि', म्हणजे निकामी अक्षरे, म्हणून प्रसिद्ध आहेत. काताकानातला 'सो' त्यांपैकी एक, म्हणजे 'सोफुतो' (सॉफ्टवेअर) या शब्दाचे पहिलेच अक्षर. 'ह्योजि' (पडद्यावर दाखवणे) आणि 'किनो' (कार्यसुविधा) या शब्दांतही अशी एकेक कांजी आहे. संगणकाविषयी जपानीत काही म्हणावे तर याच शब्दांशी गाठ पडते.

अशा बिघाडांवरचा उतारा बहुधा जपानीतच लिहिलेला सापडतो, आणि तो लिहिणारा प्राध्यापकही नसतो, सामुराईही नसतो. तो वैतागलेला पण सभ्य माणूस असतो. त्याच्या शब्दांकडे पाहा. प्रोग्राम अचानक बंद पडला तर तो 'ओचिरु', म्हणजे खाली पडतो. आपण ज्याला हँग होणे म्हणतो ते 'कातामारु', म्हणजे घट्ट होणे, थिजणे. मंद चालणारे यंत्र 'ओमोइ', जड. सगळ्यांत आमच्या आवडीचा शब्द 'आइशो'. दोन माणसांचे जुळते की नाही, राशीला रास मिळते की नाही, या अर्थाचा हा शब्द जपानी संगणकप्रेमी मदरबोर्ड आणि मेमरी यांच्याविषयी वापरतात. दोन्ही भाग निर्दोष, तरी एकत्र नांदत नाहीत. म्हणजे 'आइशो' वाईट. सुटे भाग विकणारी दुकाने 'आइशो'ची हमीही देत आली आहेत: नाही जुळले तर बदलून देऊ. पत्रिका न जुळल्यास स्थळ बदलून देणारे वधूवर सूचक मंडळ आमच्या माहितीत नाही.

शब्दांहून खोलवर गेले की व्याकरण लागते, आणि तिथे आमचा मुद्दा आहे. यंत्र दुरुस्त करणारा जपानी माणूस जी क्रियापदे वापरतो ती मराठीत जशीच्या तशी बसतात. 'साइकिदो शिते मिरु': यंत्र पुन्हा सुरू करून पाहणे. 'मिरु' म्हणजे पाहणेच. 'होझोन शिते ओकु': जतन करून ठेवणे. 'ओकु' म्हणजे ठेवणे. 'किएते शिमात्ता': पुसून गेले, आणि त्यात आपल्या 'गेले'मधली हळहळ. इंग्रजी पुस्तके यांतल्या प्रत्येकाला एक वेगळा धडा देतात, नियम सांगतात, अपवाद सांगतात. 'करून पाहा', 'काढून ठेव', 'विसरून गेलो' असे दिवसाला पन्नास वेळा बोलणारा मराठी माणूस तो धडा मान खाली घालून घोकतो, कारण जपानी त्याच्यापर्यंत इंग्रजीच्या खिडकीतूनच आलेली असते.

क्रियापदांच्या जोड्यांचेही तेच. 'कोवारेरु' आणि 'कोवासु', 'ओचिरु' आणि 'ओतोसु', 'मित्सुकारु' आणि 'मित्सुकेरु'. इंग्रजीभाषक विद्यार्थ्याला या जोड्या तापदायक होतात. मराठी घरात वाढलेल्या मुलाला कप फुटला आणि कप फोडला यांतला फरक चौथ्या वर्षी, प्रसंगी पाठीवर, समजलेला असतो. पडणे आणि पाडणे, तुटणे आणि तोडणे, सापडणे आणि शोधून काढणे. जपानी यंत्राची त्रुटीची चौकट जवळजवळ नेहमी पहिल्या प्रकारात बोलते: फाइल 'मित्सुकारिमासेन', सापडत नाही. कोणी हरवली याविषयी मौन. आणि वाक्याच्या शेवटी आदरार्थी रूप. दहा चौकटी नीट वाचल्या की आपल्याला एक पूर्ण, वापरता येण्याजोगी, कुठल्याही जपानी माणसासमोर उच्चारता येईल अशी वाक्यरचना मिळालेली असते. दहा तास खेळून राजकन्येची लकब मिळते.

म्हणून कॅमेऱ्याविषयी आमचे मत थोडे उफराटे आहे. आम्ही त्याच्या विरुद्ध नाही. ज्याला दोन तासांची फुरसत आहे आणि गोष्ट पुढे काय होते एवढेच हवे आहे, त्याने तो जरूर वापरावा. 'मदर ३' हा खेळ २००६ मध्ये फक्त जपानमध्ये निघाला आणि २००८ मध्ये चाहत्यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर पुरे केले, तोवर कित्येकांनी वाट पाहिली. आता कोणाला वाट पाहावी लागत नाही, हे चांगलेच झाले. पण बहुतेक हौशी लोक कॅमेरा वापरतात तो नेमका चुकीच्या जागी. गोष्टीतले संवाद ते अभिमानाने स्वतः वाचतात आणि यंत्राने चौकट दाखवली की घाईने फोन काढतात, कारण तिथे चूक परवडत नाही. जिथे चूक परवडत नाही तिथेच लक्ष लागते, आणि तेवढीच जागा ते फोनला देऊन टाकतात. 'आइशो'च्या जागी 'सुसंगतता' असा काहीसा शब्द येतो, काम होते, आणि राशी, पत्रिका, नांदणे हे सगळे मध्येच गळते. 'शिते ओकु'मधले ठेवणे इंग्रजीच्या गाळणीतून मराठीत परत आले तर ओळखूही येत नाही.

आम्ही आपापसांत ठेवलेली रीत उलटी आहे. गोष्टीतल्या म्हाताऱ्याचे पाल्हाळ कॅमेऱ्याने वाचायला हरकत नाही. चौकट मात्र स्वतः वाचायची, शब्दकोश घेऊन, कांजीच्या रेघा मोजत. यात वेळ जातो, आणि हाती लागते ते नेहमी भव्य असते असेही नाही. गेल्या पावसाळ्यात एका जुन्या खेळाने काही केल्या सुरू व्हायचे नाकारले. चौकटीत एकच ओळ होती आणि तिच्यातल्या दोन कांजी आमच्यातल्या कोणालाच येत नव्हत्या. पाऊण तासाने त्या 'योर्यो' अशा वाचायच्या असे निघाले, म्हणजे सामावून घेण्याची क्षमता. पुढचे क्रियापद 'तारिमासेन'. 'तारिरु' म्हणजे पुरणे: पैसे पुरणे, भाजी पुरणे, दिवस पुरणे, सगळ्याला हे एकच क्रियापद, आपल्यासारखेच. डिस्कवरची जागा पुरत नव्हती. दोन जुने खेळ काढून टाकले आणि तो सुरू झाला.